सात जणांच्या रांगेतला आठवा

अध्यक्ष महोदय, आपण ज्या खुर्चीत बसला आहात तिचे दोन्ही हात मी केले आहेत. मूळचे हात आपल्या आधीच्या कुलगुरूंच्या काळात निखळले. ते कसे निखळले, हे ह्या व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही. आजचे प्रमुख पाहुणे, जलमंडळाचे मुख्य अधिकारी, आपल्यासमोरचं टेबल माझ्या हातचं. ते जरासं डुलतं, हे एव्हाना आपल्या लक्षात आलं असेल. तो दोष टेबलाचा नाही, जमिनीचा आहे. जमीन मी केलेली नाही. व्यासपीठावरील इतर मान्यवर, आपल्या पायाखालच्या फळ्या माझ्या, ह्या ध्वनिक्षेपकाचा दांडा माझा, आणि मागच्या भिंतीवरचा फलकही माझाच. 'पर्यावरण आणि नैसर्गिक संसाधन व्यवस्थापन विभाग' एवढं नाव एका ओळीत बसवायला मला अक्षरं तीनदा कापावी लागली. नाव ठेवणाऱ्यांनी आधी सुताराला विचारलं असतं तर ते सुटसुटीत झालं असतं. प्राध्यापकवर्ग, कार्यालयीन सहकारी आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही बसला आहात त्या बाकांत एकही खिळा नाही. शोधून पाहा, पण माझं बोलणं संपल्यावर.

आणि बाई, आजचा हा निरोप ज्यांना द्यायचा आहे त्या आपण. आपल्यासाठी केलेल्या वस्तू सांगत बसलो तर चहा गार होईल. चिखलाचा लांब उभा नमुना न मोडता वर काढणारी नळी मी केली. पाण्याची पातळी मोजायची फीत केली, तिच्या टोकाचं वजन ओतलं. आणि दलदलीत आरपार जाणारी फळ्यांची वाट केली. प्रत्येक डांब स्वतः ठोकला. फळीला फळी अशी जोडली की माणूस चालला की ती किंचित खाली जावी आणि पाऊल उचलल्यावर जागेवर यावी. ताठ वाट दलदलीत मोडते, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. मला पुस्तकांनी फारसं काही शिकवलंच नाही. बंद पडलेल्या वस्तू उघडून बघायच्या आणि त्या बंद का पडल्या हे त्यांनाच विचारायचं, एवढंच माझं शिक्षण.

सूत्रसंचालिका माझ्याकडे पाहून मनगटावर बोट ठेवत आहेत. मंडळी, ही माझी मुलगी. घरीही हेच करते. बेटा, तुझ्या बापाला 'दोन शब्द' बोलायला बोलावलंत ही चूक समितीची आहे, माझी नाही.

बाईंच्या विद्वत्तेवर बोलायला इथे पुष्कळ विद्वान आहेत. मी बाईंच्या मागे चालणारा माणूस. खरं सांगायचं तर सगळ्यांच्या मागे चालणारा. दलदलीत विद्यार्थ्यांची रांग निघाली की सर्वांत पुढे बाई, मध्ये पाच विद्यार्थी आणि शेवटी मी. एकंदर सात. सातांपेक्षा जास्त वजन मी वाटेवर एका वेळी घेऊ देत नाही. ही रांग कशी चालते ते नवख्यांना सांगायला हवं, नाहीतर पुढचं बोलणं म्हणजे म्हाताऱ्याच्या थापा वाटतील.

आमची दलदल ज्यांनी पाहिली नाही त्यांनी असं समजावं, की माणसाच्या डोक्यावरून जाणारं लव्हाळं, खाली काळा मऊ चिखल, त्यातून अधूनमधून वर येणारे बुडबुडे आणि नुकत्याच विझलेल्या काडीसारखा वास. थंडीच्या दिवसांत सकाळी तिथे धुकं उतरतं. ते हळूहळू येत नाही. लव्हाळ्यातून उठतं आणि पुढच्या माणसाची पाठ पुसून टाकतं. वाटेवर मी सहा थांबे केले आहेत. थांबा म्हणजे जरा रुंद जागा, सात जण उभे राहतील एवढी. प्रत्येक थांब्याच्या बाजूला जमिनीतलं पाणी मोजायच्या नळ्या पुरलेल्या आहेत. धुकं असलं की बाईंचा नियम असा: प्रत्येक थांब्यावर रांग उभी राहील, बाई म्हणतील 'एक', त्यांच्या मागचा 'दोन', आणि असं मागे मागे येत शेवटी मी 'सात'. सात ऐकलं की बाई पुढे निघणार. साधी हजेरी. नावं नाहीत, फक्त आकडे, कारण धुक्यात नाव विरतं, आकडा पोचतो.

तर एका सकाळी, माझी ही मुलगी तेव्हा शाळेतही जात नव्हती, तिसऱ्या थांब्यावर मी 'सात' म्हटलं, आणि माझ्या मागून कुणीतरी म्हटलं, 'आठ'.

माझ्या मागे कुणी नव्हतं. मी शेवटचा माणूस. शेवटच्या माणसाच्या मागे कोण असणार?

रांगेत हसू पिकलं. सगळ्यांना वाटलं, मिस्त्रींनी गंमत केली. त्या तुकडीत एक मुलगा होता, सगळे त्याला 'घाई' म्हणायचे, कारण तो डबासुद्धा उभ्यानं खायचा. तो ओरडला, "मिस्त्रीकाका, तुम्ही दोन माणसांचं जेवता हे माहीत होतं, मोजणीतही दोन धरता काय?" मी त्याला काय सुनावलं ते इथे सांगत नाही. पण बाई हसल्या नाहीत. पुढून त्यांचा आवाज आला, "मिस्त्री, तुम्ही सात म्हणालात की आठ?"

"सात, बाई."

"बरं," म्हणाल्या आणि चालू लागल्या.

पुढच्या थांब्यावर पुन्हा 'आठ'. त्याच्या पुढच्याही. मग धुकं विरळ झालं, आम्ही वाटेच्या टोकाच्या दाराशी आलो, तिथे मोजलं तर सातच.

चहाच्या वेळी बाईंनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, विचारतील, 'मिस्त्री, तब्येत बरी आहे ना?' तर त्यांनी विचारलं, "आवाज कसा होता?"

"कसा म्हणजे?"

"दमलेला? घाबरलेला? चिडलेला?"

मी विचार केला. मी तपशिलाच्या बाबतीत हयगय करत नाही. म्हटलं, "हजेरी देणाऱ्या मुलासारखा, बाई. 'मी आलोय' एवढंच सांगणारा."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि बिस्किट चहात बुडवलं.

मंडळी, तुम्हीच सांगा, ह्याला काय म्हणावं? मी घरी जाऊन दोन रात्री धड झोपलो नाही, आणि ह्या बाई बिस्किट बुडवतात!

पुढे हे नेहमीचंच झालं. धुकं असेल तेव्हाच, तिसऱ्या थांब्यापासून पाचव्यापर्यंत, माझ्या मागून 'आठ'. दाराशी कधी नाही. स्वच्छ उन्हात कधी नाही. तुकड्या बदलल्या. प्रत्येक नव्या तुकडीला वाटायचं की म्हातारा आपल्याला घाबरवतोय, आणि दोन धुकी पाहिली की त्यांची थट्टा आपोआप बंद व्हायची. आता सगळ्यांना पहिला प्रश्न पडतो तोच मलाही पडला होता. इथे कुणी बुडालं होतं का? मी चौकशी केली. लव्हाळं कापणाऱ्यांना विचारलं, मासे धरणाऱ्यांना विचारलं, गावातल्या वयस्क माणसांना विचारलं. ह्या दलदलीत कुणीही, कधीही बुडालेलं नाही. गाय गेलेली आहे, एक गाढव गेलेलं आहे. माणूस नाही. हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. उलट झालं. बुडालेला असता तर तो कोण हे तरी कळलं असतं.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मिस्त्री, मी वर्गात पाणीवाटप शिकवते ना, तेव्हा मुलांना विचारते, ह्या पाण्यावर कुणाकुणाचा वाटा? मुलं सांगतात, गावाचा, शेतीचा, मासेमारांचा, पक्ष्यांचा. मग मी म्हणते, आणखी एक वाटा काढून ठेवा. मुलं विचारतात, कुणासाठी? मी म्हणते, ते आपल्याला अजून माहीत नाही, त्याच्यासाठी. मी बाकीचे वाटे हिशेबाने काढते, हा एक तेवढा विश्वासाने."

मला तेव्हा हे बोलणं पटलं नव्हतं. मी मोजमापाचा माणूस. ज्याचं माप नाही त्याचा वाटा कसा काढायचा?

मग माझी मुलगी मोठी झाली आणि ह्याच विभागात शिकायला आली. बापाच्या बाकावर बसून शिकली, ह्याचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा ती मला दाखवू देत नाही. पहिल्याच आठवड्यात घरी जेवताना म्हणाली, "बाबा, तुमचा आठवा काय म्हणतोय?"

"माझा नाही तो."

"मग कोणाचा? तुमच्याच मागे लागलाय."

तिची आई म्हणाली, "जेवताना नको गं ते."

"अगं आई, साधं आहे. बाबांचा आवाज लव्हाळ्यावर आपटून परत येतो."

मी म्हटलं, "मी सात म्हणतो आणि परत आठ येतो? लव्हाळं बेरीज करतं होय?"

ती हसली, पण मला ते लागलं. मी केलेल्या वाटेवर, माझ्याच मागे, माझ्या परवानगीवाचून कुणीतरी चालतंय आणि मला त्याचं माप घेता येत नाही? मी ठरवलं, कानावर विश्वास ठेवायचा नाही. वस्तूला विचारायचं. माणूस खोटं बोलतो, कानाला भास होतो, पण मी केलेली वस्तू खोटं बोलत नाही.

चौथ्या थांब्याच्या अलीकडची एक फळी मी सोडवली. तिच्याखाली जुन्या वजनकाट्याची स्प्रिंग बसवली. स्प्रिंगला दांडी, दांडीला दात्यांचं चाक, आणि चाकाला मोडीत निघालेल्या पाण्याच्या मीटरचे आकडे. फळीवर माणसाचं वजन पडलं की दांडी दाबली जाणार आणि आकडा एकाने पुढे सरकणार. बदक बसलं, कुत्रं गेलं तर सरकणार नाही, अशी स्प्रिंग ताणली. मुलीला चालवून पाहिलं, तिच्या आईला चालवून पाहिलं, पोतं ठेवून पाहिलं. स्वच्छ उन्हात कितीदा तरी रांग गेली, यंत्राने कधी चूक केली नाही. सात गेले की सात.

मग धुकं आलं.

आकडा शून्यावर आणून मी रांगेच्या मागे चालू लागलो. पुढचे सहा जण त्या फळीवरून गेले. सातवा मी. मी फळी ओलांडली, पलीकडे उभा राहिलो आणि वाकून आकडा पाहिला. सात. मला फार समाधान वाटलं. इतकं समाधान मला हा फलक बसवल्यावरही वाटलं नव्हतं. मी सरळ उभा राहणार इतक्यात फळी खाली गेली.

तिच्यावर काही नव्हतं. मी हातभर अंतरावरून बघत होतो. फळी खाली गेली, दोन्ही बाजूंच्या फटींतून पाणी वर आलं, जसं माणूस उभा राहिल्यावर येतं तसं. आणि ती तशीच राहिली. खांद्यावरचं ओझं ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायला माणूस जेवढा थांबेल तेवढा वेळ. मग वर आली. पाणी फटींतून परत गेलं. आकडा आठ.

मी काय केलं असेल? ओरडलो असेन, पळालो असेन, असं तुम्हाला वाटेल. मी अर्धं पाऊल बाजूला सरकलो. माणूस मागून येत असला आणि आपण वाटेत उभे असलो की आपण जागा देतो ना, तसा. विचार करून नाही सरकलो. पाय आपोआप सरकला.

पुढून बाईंनी विचारलं, "मिस्त्री, किती?"

"आठ, बाई."

"यंत्र बरोबर आहे?"

"माझं यंत्र आहे, बाई."

"मग आठ लिहा," त्या म्हणाल्या. माझी मुलगी त्यांच्या मागेच उभी होती, नोंदी तिच्याकडे होत्या. धुक्यात मला ती दिसत नव्हती. एवढंच ऐकू आलं, "आठ." त्या दिवसापासून जेवताना तिने मला छेडलं नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. अध्यक्ष महोदयांनी घड्याळाकडे पाहिलं, ते मी पाहिलं. त्या घड्याळाची किल्लीही मीच देतो, तेव्हा काळजी नसावी.

मुलीच्या शेवटच्या वर्षी आपल्या जलमंडळाने दलदलीच्या काठावरून शहरासाठी जादा पाणी उपसायचं ठरवलं आणि त्यावर सुनावणी लागली. प्रमुख पाहुणे, त्या सुनावणीत आपण समोरच्या बाजूला होता, आज एका व्यासपीठावर आहात, ह्याचा मला मनापासून आनंद आहे. दलदल किती पाणी देऊ शकते आणि कुठे थांबायला हवं, हे ठरणार होतं ते माझ्या मुलीच्या वर्षभराच्या मोजणीवर. दर आठवड्याला, त्याच दिवशी, सगळ्या नळ्यांमधलं पाणी. एक आठवडा चुकला की मालिका तुटते आणि समोरचा वकील म्हणतो, हे पुरावे आम्ही मानत नाही. सुनावणीआधीचं शेवटचं रीडिंग राहिलं होतं. त्या एका सकाळवर तिचं वर्ष होतं आणि दलदलीचं पाणीही.

सकाळी धुकं होतं. रांग निघाली. तिसऱ्या थांब्यावर 'आठ' आलं. चौथ्यावर आलं. यंत्राने आठ दाखवले. आम्ही पाचव्या थांब्यावर पोचलो. फक्त सहाव्याच्या नळ्या राहिल्या होत्या. बाई म्हणाल्या, "एक." मुलगी म्हणाली, "दोन." आकडे मागे येत गेले. मी म्हटलं, "सात."

आणि मग काही नाही.

मंडळी, इतकी वर्षं ज्याला मी घाबरलो, तो आवाज आला नाही म्हणून माझ्या तोंडचं पाणी पळालं. आम्ही सगळे थांबलो. वाट बघत होतो. बुडबुडेही येत नव्हते. बाई म्हणाल्या, "पुन्हा." पुन्हा आकडे आले. सात. पुन्हा शांतता.

माझी मुलगी म्हणाली, "बाई, सात झाले. सातच निघालो होतो. मोजणी बरोबर आहे."

"बरोबर आहे म्हणूनच विचारतेय," बाई म्हणाल्या. मग जरा आवाज चढवून, "मिस्त्री, वाट तुमची आहे. तुम्ही सांगा."

आणि मुलीने लगेच, "बाबा, पुढची वाट पक्की आहे की नाही? एवढंच सांगा."

त्या आठवड्यात मी स्वतः एकेक डांब हलवून पाहिला होता. वाट पक्की होती. मी खोटं बोलत नाही. म्हटलं, "वाट पक्की आहे."

"मग चला ना!"

"वाट पक्की आहे. तरी मागे फिरू."

धुक्यात चेहरे दिसत नाहीत हे एका परीने बरं असतं. ती म्हणाली, "बाबा, माझं वर्ष जाईल. सगळ्यांचं पाणी जाईल. एका आवाजासाठी? तोही आला नाही म्हणून?" बाई म्हणाल्या, "फिरा," आणि रांग जागच्या जागी फिरली.

आता लक्ष द्या. रांग फिरली म्हणजे सगळ्यांत मागचा मी सगळ्यांत पुढे झालो आणि बाई शेवटी. नियम असा की फिरल्यावर नव्याने मोजायचं. आता 'एक' म्हणायचं माझ्याकडे आलं. मी तोंड उघडलं.

आणि माझ्या पुढून, धुक्यातून, कुणीतरी म्हटलं, "एक."

तो गेला नव्हता. गप्प उभा होता. आम्ही फिरायची वाट पाहत.

रांगेच्या टोकावरून बाईंनी हाक दिली, "मिस्त्री?" तोवर आयुष्यात मी कुणाच्या मागे उभा राहून 'दोन' म्हटलेलं नव्हतं. माझ्या कामात माझ्या पुढे कुणी नाही, हे मी आजवर सर्वांना ऐकवत आलो, आजही थोडंफार ऐकवलंच. त्या सकाळी मी म्हटलं, "दोन." मग तीन, चार, पाच, सहा. माझ्या मुलीचा रडवेला आवाज, "सात." आणि शेवटी बाई, अगदी शांतपणे, "आठ."

माझ्या पुढची फळी खाली गेली आणि वर आली. तिच्या पुढची खाली गेली. मी त्या फळ्यांच्या मागे चालत राहिलो. डोळे वर केले नाहीत. तिसऱ्या थांब्याच्या अलीकडे पुढची फळी खाली गेली आणि खालीच राहिली. म्हणून मीही थांबलो. रांग थांबली. तेवढ्यात मागून, पाचव्याच्या पलीकडून, एक आवाज आला. धडाम् वगैरे नाही. चिखलात रुतलेला पाय ओढून काढताना येतो तसा, फक्त फार मोठा पाय असावा तसा. मग वारा नसताना लव्हाळं आमच्या बाजूला झुकत आलं, आमच्यापर्यंत पोचलं आणि पुन्हा सरळ झालं. माझ्या पुढची फळी वर आली. आम्ही चालू लागलो. दाराशी ऊन होतं. आम्ही सात होतो.

दुपारी जाऊन पाहिलं. पाचव्या थांब्यानंतर वाटच नव्हती. सहावा थांबा, नळ्या, डांब, सगळं गेलेलं. पाण्यावर एक फळी तरंगताना दिसली असती तरी मला बरं वाटलं असतं. काहीही नाही. जणू मी ती केलीच नव्हती.

बाईंनी सुनावणीत कारण समजावलं. काठावरच्या जुन्या उपशाने खालचं पाणी आधीच उतरलं होतं, चिखलाखाली पोकळी झाली होती, तिच्यात वायू साठला होता, आणि तो थर बसला. माझे डांब पक्के होते, जमीन पक्की नव्हती. मुलीच्या मोजणीत शेवटचं रीडिंग नव्हतं. तिने ती जागा कोरी ठेवली आणि मंडळाला सांगितलं, "ज्या नळीत मी हे मोजणार होते ती नळी आता जागेवर नाही, हेच माझं शेवटचं रीडिंग." उपसा थांबला. प्रमुख पाहुण्यांनीच तो थांबवला, आणि त्यासाठी टाळ्या त्यांना द्यायला हरकत नाही. थर का बसला हे मला पटलं. पुढच्या फळ्या का हलत होत्या, हे मी बाईंना विचारलं नाही, बाईंनीही सांगितलं नाही.

वाट मी नव्याने केली, जरा वळवून. आणि गेल्या आठवड्यात बाईंची शेवटची फेरी झाली. नेमकं धुकं होतं. निघताना बाई म्हणाल्या, "मिस्त्री, आज तुम्ही पुढे व्हा. आज मागे मी." मी पुढे झालो. मोजणी झाली, बाईंनी 'सात' म्हटलं, त्यांच्या मागून नेहमीचं 'आठ' आलं. पण त्यानंतर चालताना मला मागून बोलणं ऐकू येत होतं. बाईंचा आवाज, हळू, मध्ये थांबत, जसं आपण समोरच्याचं ऐकून घ्यायला थांबतो तसं. विद्यार्थ्यांपैकी कुणी मागे वळून पाहिलं नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही.

दाराशी मी विचारलं, "बाई, कुणाशी बोलत होता?"

"निरोप घेत होते. इतकी वर्षं बरोबर चाललो, न सांगता जाणं बरं दिसतं का?"

"मग? काही म्हणाला?"

बाईंनी बुटांचा चिखल काढला. मग म्हणाल्या, "विचारलं, उद्यापासून 'एक' कोण म्हणणार?"

"मग तुम्ही?"

"तुमच्या मुलीचं नाव सांगितलं."

मंडळी, माझी मुलगी पुढच्या सत्रापासून ह्या विभागात शिकवणार आहे, रांगेच्या पुढे चालणार आहे, हे आपल्याला ठाऊकच आहे. तिच्या नेमणुकीचा कागद हातात आला त्या दिवशी माझी छाती ह्या सभागृहाएवढी झाली होती. पण बाईंनी तिचं नाव तिथे, त्याला सांगितलं, हे ऐकलं तेव्हा मला थंडी वाजली. ऊन असून. बापाला विचारायला नको होतं का? मी तसं बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, तो तिला आधीपासून ओळखतो. तिनेच तर त्याला लिहून घेतलं." मी वर्कशॉपमध्ये गेलो आणि नव्या वाटेच्या फळ्या पुन्हा तपासल्या.

बाई, आपण आम्हाला मोजायला शिकवलंत, आणि मोजताना जो दिसत नाही त्याला सोडायचं नाही, हेही. ते मला उशिरा कळलं, पण मी शिकलेली गोष्ट पक्की शिकतो. समारंभ समितीचे, अध्यक्ष महोदयांचे आणि ह्या खुर्च्यांवर न कुरकुरता बसलेल्या आपणा सर्वांचे आभार. खुर्च्या कुरकुरल्या नाहीत, त्याचं श्रेय मी घेतो. माझ्या बोलण्यात कुणाचा मान राहिला नसेल, कुणाचं नाव पुढेमागे झालं असेल, तर ते कानाआड करावं. लाकडात मी चूक होऊ देत नाही, बोलण्यात होते.

आणि एकच, मग बसतो. सुनावणीत माझ्या मोजणाऱ्या फळीचा उल्लेख झाला, तो वाचून मापनयंत्रं करणाऱ्या एका कंपनीचे व्यवस्थापक मला भेटायला आले. ते आज दुसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांना खाणींच्या आणि कारखान्यांच्या दारांवर अशा फळ्या बसवायच्या आहेत. त्यांनी त्यांच्या आवारात यंत्र तपासलं, एकही चूक निघाली नाही. मग एका धुक्याच्या सकाळी आमच्या वाटेवर तपासलं, त्यांचे सहा लोक चालले आणि यंत्राने सात दाखवले. म्हणाले, "मिस्त्री, हा एक दोष काढा. धुक्यात एक कमी मोजेल असं करून द्या, आराखडा आम्ही विकत घेतो, आणि विद्यापीठाच्या वाटेवरही आमचंच सुधारलेलं यंत्र बसवतो." साहेब, आपण उत्तरासाठी थांबला आहात, ते सर्वांसमोर देतो. त्या वाटेवर आता माझी मुलगी पुढे चालणार आहे, आणि तिच्या रांगेतला कुणीही मोजणीतून वगळला जाणार नाही. यंत्रात दोष नाही. मी नाही म्हणतो. रक्कम आपण सांगितली होती ती साडेअकरा लाख.